हिवाळ्यातील दक्षिणायन

कडक थंडीच्या मुलखातून उठून उष्ण मुलखात चार महिने मुक्काम करणे ही उत्तर अमेरिकेत प्रथम श्रीमंतांची मिरासदारी होती. रॉकफेलरच्या तेलाच्या व्यापारातील भागीदार हेन्री फ्लॅग्लर याने १८८८ साली फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे राजवाड्याच्या थाटाचे हॉटेल उघडले. हॉटेलाला पाहुणे हवेत म्हणून समुद्रकाठाने लोहमार्ग खाली नेला, आणि तो १८९६ मध्ये मायामीला व १९१२ मध्ये थेट की वेस्टच्या बेटापर्यंत पोहोचवला. त्या मार्गावरील गाड्यांतून न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाचे धनिक आपल्या लवाजम्यासह दक्षिणेस उतरत आणि वसंत ऋतू आला की परत फिरत. मिशिगनच्या शेतकऱ्याला किंवा ओहायोच्या सुताराला मात्र जानेवारी हा शेगडीपाशी बसून काढण्याचा महिना होता, आणि म्हातारपण हेही बहुधा तसेच, मुलाच्या घरातील एका खोलीत, काढण्याचे वय होते. पुढच्या अर्धशतकात हे चित्र इतके पालटले की, त्याच शेतकऱ्याची आणि त्याच सुताराची पुढची पिढी साठी उलटताच चाकांवरचे घर घेऊन, नवरा-बायको दोघेच, दरवर्षी बर्फातून निघून संत्र्यांच्या बागांपर्यंत जाऊ लागली. आणि आज त्या खंडात ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे की तिला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

या प्रवासाकडे वैयक्तिक स्वच्छंदाचा नमुना म्हणून पाहण्याची रीत आहे. घराला कुलूप लावले, चाक हाती घेतले, मन मानेल तेथे थांबले, असे त्याचे वर्णन केले जाते, आणि ते खोटेही नाही. तथापि मला ते अपुरे वाटते. हा स्वच्छंद सरकारी रस्त्यांवर, कामगारांनी झगडून मिळवलेल्या निवृत्तिवेतनावर, सार्वजनिक जमिनींच्या परवान्यांवर आणि दप्तरांतील शेकडो नोंदींवर उभा राहिला, आणि म्हणूनच तो मूठभरांचा न राहता लक्षावधी सामान्य जोडप्यांचा झाला, असे माझे मत आहे.

आरंभ रस्त्यापासून करावा लागतो, कारण रस्ता नव्हताच. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिणेकडच्या राज्यांत प्रत्येक काऊंटी, म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा मुलकी विभाग, आपला रस्ता आपल्या रेल्वे स्थानकापर्यंत कसाबसा राखत असे. शेजारच्या काऊंटीच्या हद्दीवर तो रस्ता पुढे मिळेल की नाही, याची पंचाईत कोणी करीत नसे. ही स्थिती पालटण्याची तजवीज केली ती इंडियानापोलिसच्या कार्ल फिशरने. मोटारींच्या वायुदिव्यांच्या धंद्यात त्याने अमाप पैसा मिळवला होता, त्या शहरातील प्रसिद्ध शर्यतीच्या मैदानाच्या स्थापनेत त्याचा पुढाकार होता, आणि आता मायामीसमोरच्या खारफुटीच्या बेटावर समुद्रातील रेती उपसून टाकून तेथे मायामी बीच नावाचे नगर वसवण्याचा ध्यास त्याने घेतला होता. भूखंड विकायचे तर गिऱ्हाईक हवे, गिऱ्हाईक उत्तरेत, आणि त्याच्या दारात नवी मोटार उभी. उणीव होती ती वाटेची. एप्रिल १९१५ मध्ये निरनिराळ्या राज्यांचे गव्हर्नर टेनेसीतील चॅटानूगा येथे जमले, डिक्सी महामार्गाची संस्था स्थापन झाली, आणि रस्ता आपल्याच गावावरून जावा यासाठी गावोगावच्या मंडळींनी असा काही जोर केला की एका रस्त्याचे दोन मुख्य फाटे झाले, फाट्यांना उपफाटे फुटले, आणि रेघेच्या जागी हजारो मैलांचे जाळे तयार झाले. कॅनडाच्या हद्दीवरील सू सेंट मारीपासून मायामीपर्यंत पोहोचणाऱ्या या मार्गामागचा हेतू उघड स्वार्थाचा होता. परंतु त्यातून सार्वजनिक संपत्ती निर्माण झाली, हेही तितकेच खरे. स्वतः फिशरच्या वाट्याला त्यातले फारसे काही उरले नाही. १९२६ च्या चक्रीवादळाने आणि १९२९ च्या आर्थिक कोसळीने त्याची दौलत गेली, आणि १९३९ साली तो वारला तेव्हा त्याच्यापाशी पूर्वीच्या वैभवाचा अंशच शिल्लक होता.

या रस्त्याच्या बांधणीतील एक दुःखद प्रकरण वगळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जॉर्जिया राज्याने १९०८ साली कैद्यांना खाजगी मक्तेदारांकडे भाड्याने देण्याची दुष्ट प्रथा बंद केली, आणि लगेच त्या कैद्यांना काऊंट्यांच्या हवाली करून रस्त्यांच्या कामाला जुंपले. पायांत बेड्या, अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, रात्री निजायला चाकांवरचे लोखंडी पिंजरे. आणि या टोळ्यांतील बहुसंख्य माणसे कृष्णवर्णीय, त्यातही कित्येक जण कामधंद्यावाचून भटकण्याच्या आरोपाखाली धरून आणलेले. डिक्सी महामार्गाचे जॉर्जियातील मैलच्या मैल या वेठीने तयार झाले. ज्यांना भटकण्याबद्दल शिक्षा झाली त्यांनीच मोकळेपणी भटकणाऱ्यांची वाट बांधली, ही गोष्ट या प्रवासाच्या कोणत्याही इतिहासात पहिल्या पानांवर असावयास हवी.

पहिले महायुद्ध संपले आणि फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार बेताच्या मिळकतीच्या माणसाच्या आवाक्यात आली. १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास तिची किंमत ३०० डॉलरांच्या आत उतरली होती. तेव्हा उत्तरेकडची जी मंडळी थंडीत फ्लोरिडाची वाट धरू लागली ती फ्लॅग्लरच्या हॉटेलात उतरणारी नव्हती. निवृत्त शेतकरी, छोटे दुकानदार, शाळामास्तर, सुतार, आणि बहुतेकांबरोबर त्यांच्या बायका. मोटारीच्या कुशीला ताडपत्री बांधून तिचे दुसरे टोक खुंट्यांना ताणायचे, आत घडीच्या खाटा मांडायच्या, पायफळीवरच्या लाकडी पेटीतून घेवड्याचे आणि मांसाचे डबे काढायचे, पेट्रोलच्या छोट्या शेगडीवर ते ऊन करायचे, आणि दिवस उजाडला की पुन्हा सारा संसार गुंडाळून पुढच्या गावी निघायचे, असा त्यांचा क्रम होता. १९१९ साली टँपा शहरातील डी सोटो उद्यानात या प्रवाशांनी एकत्र येऊन आपला संघ स्थापन केला आणि त्याचे नाव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ असे ठेवले. मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाक लावून जोडलेला पत्र्याचा रिकामा डबा ही सभासदत्वाची खूण होती. त्यांची हस्तांदोलनाची खास रीत होती, परवलीचा शब्द होता, आणि मुख्याला ‘रॉयल चीफ’ असा भारदस्त किताब होता. ही बाह्य सजावट सोडली, तर संघाचे काम फार गंभीर होते. तळ स्वच्छ ठेवावा, सभासदांनी एकमेकांस साह्य करावे, वर्तन सभ्य असावे आणि करमणूक निर्मळ असावी, हे त्यांचे नियम होते.

हे नियम का करावे लागले, हे समजण्यासाठी गावकऱ्यांची बाजूही पाहिली पाहिजे. सुरुवातीस फ्लोरिडातील नगरांनी या पाहुण्यांना फुकट तळ दिले, पाणी दिले, कोठे विजेचे दिवेही दिले. कारण आज तंबूत राहणारा उद्या भूखंड विकत घेईल, अशी त्या तेजीच्या दिवसांत आशा होती. पण ही माणसे घरून डबे घेऊन येत, स्वतःच स्वयंपाक करीत, मोटार स्वतःच दुरुस्त करीत, आणि दुकानदाराच्या गल्ल्यात त्यांच्याकडून फारसे काही पडत नसे. मग तक्रारी सुरू झाल्या. फुकट तळांवर भाडे बसले, मुक्कामाची मुदत ठरली, आणि ही मंडळी एक सदरा व एक नोट घेऊन येतात आणि दोन्ही न बदलता परत जातात, असे त्यांच्याविषयी चेष्टेने बोलले जाऊ लागले. ज्याच्या घरादाराचा ठिकाणा डोळ्यांना दिसत नाही त्याच्याविषयी स्थिर समाजाला जो संशय वाटतो, तोच येथे वाटला. टिन कॅन टूरिस्टांनी त्या संशयाला उत्तर दिले ते आपल्या वागणुकीने, आणि ते इतके परिणामकारक ठरले की १९३० नंतरच्या दशकात सॅरासोटासारख्या शहराने त्यांचा हिवाळी मेळावा आपल्याकडे भरावा म्हणून स्वतः जागा दिली. काहींनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. १९२४ साली अशाच तळवाल्या प्रवाशांच्या एका संघाने ब्रेडनटनजवळ, एका जुन्या मळेवाल्याच्या पडक्या वाड्याभोवतीची जमीन स्वतःच खरेदी केली, लहान लहान जागा आखल्या, तंबूंच्या ठिकाणी छोटी लाकडी घरे बांधली, आणि आपल्या हिवाळ्याला कायमचा पत्ता मिळवून दिला. ब्रेडन कॅसल पार्क नावाची ही वसाहत अद्याप आहे, आणि १९८३ पासून तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे.

मात्र या सौहार्दाला एक भिंत होती. दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे जारी होते. तळ, उपाहारगृहे, स्वच्छतागृहे, कित्येक ठिकाणी पेट्रोलचे पंपसुद्धा कृष्णवर्णीय प्रवाशाला बंद असत. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात गोऱ्या कामगाराच्या शेजारी उभा राहून काम करणारा माणूस जॉर्जियातील आपल्या आईला भेटायला निघाला, तर त्याला अंथरूण, शिधा, पाणी आणि पेट्रोलचा डबाही बरोबर घ्यावा लागे, आणि अंधार पडण्यापूर्वी सुरक्षित घर गाठावे लागे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील टपालवाटप्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन याने १९३६ पासून अशा प्रवाशांसाठी मार्गदर्शिका छापण्यास आरंभ केला. कोणत्या गावी कोणत्या घरी उतरता येईल, कोठे जेवण मिळेल, कोठे केशकर्तन होईल, याच्या त्या याद्या होत्या. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा होईपर्यंत, म्हणजे या हिवाळी प्रवासाच्या पहिल्या पंचेचाळीस वर्षांत, ज्याला आपण मन मानेल तेथे थांबण्याचे स्वातंत्र्य म्हणतो ते कातडीचा रंग पाहून मिळत होते.

तंबूची जागा पुढे मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरने घेतली. डेट्रॉइटचे आर्थर शर्मन हे जंतुशास्त्रज्ञ सहकुटुंब सुटीवर निघाले असता घडीचा तंबू-ट्रेलर पावसात उभारता उभारता हैराण झाले. त्यांनी सरळ भिंती-छपराची एक पेटी चाकांवर चढवली, लोक ती पाहायला जमले, आणि १९३० च्या सुमारास त्यातून ‘कव्हर्ड वॅगन’ नावाचा कारखाना निघाला, जो काही वर्षांतच त्या धंद्यात अग्रेसर ठरला. त्याच दशकात कॅलिफोर्नियात वॉली बायम याने विमानासारख्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या ‘एअरस्ट्रीम’ ट्रेलरांची सुरुवात केली. हा उत्साह एवढा वाढला की, वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल, असे भाकीत रॉजर बॅबसन या नामांकित अर्थतज्ज्ञाने केले. भाकीत फसले, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण आले, सहलीचे ट्रेलर शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांजवळ मजुरांची घरे म्हणून उभे राहिले, आणि हिवाळ्याची वाट काही वर्षे ओस पडली.

युद्धानंतर ती पुन्हा वाहू लागली तेव्हा तिचे मूळ कारण निराळे होते. १९३५ च्या कायद्याने वृद्धांना सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले होते, त्याचे दरमहा हप्ते १९४० पासून सुरू झाले. आणि १९४९ साली मोटार कामगारांच्या संघाने फोर्ड कंपनीशी असा करार केला की, तीस वर्षे नोकरी केलेल्या कामगाराला पासष्टाव्या वर्षानंतर, सरकारी रक्कम धरून, दरमहा १०० डॉलर मिळावेत. इतर कंपन्यांनाही तो कित्ता गिरवावा लागला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मोटारी जोडणाऱ्या माणसाला आता स्वतःच्या मोटारीत बसून बर्फापासून दूर जाण्याएवढा वेळ आणि पैसा मिळाला. त्यात १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची सनद दिली, आणि ७५ क्रमांकाचा महामार्ग पुन्हा त्याच सू सेंट मारीपासून मायामीच्या परिसरापर्यंत बांधला गेला. फिशरचा चिखलाचा रस्ता आठवणारा एखादा वृद्ध त्यावरून गेला असेल, तर त्याला काय वाटले असेल, याची कल्पना करावीशी वाटते. १९५४ साली ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ या खऱ्या आयुष्यातील पतिपत्नींचा ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ हा चित्रपट आला. ट्रेलर ओढताना नवपरिणीत जोडप्याची होणारी त्रेधा हाच त्याचा विषय आहे, आणि अशी त्रेधा प्रेक्षकांच्या परिचयाची झाली होती म्हणूनच तो लोकांना एवढा भावला.

मोटरहोमने, म्हणजे गाडी आणि घर एकच असलेल्या वाहनाने, या त्रेधेतील मोठा भाग काढून टाकला. मिशिगनमधील ब्राऊन सिटी येथील रेमंड फ्रँक याने स्वतःच्या कुटुंबासाठी एक चालते घर बांधले, आणि १९६१ पासून डॉजच्या सांगाड्यावर तशी घरे विक्रीसाठी काढली. किमतीने ती सामान्यांच्या हाताबाहेर होती. आयोवातील फॉरेस्ट सिटी या शेतीवर जगणाऱ्या गावात, तरुण गाव सोडून चालले म्हणून रोजगार आणण्याच्या खटपटीतून, जॉन हॅन्सन या फर्निचरच्या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने ट्रेलरचा कारखाना आला होता. त्या कारखान्याने, म्हणजे विनेबागो कंपनीने, १९६६ साली मोटारींप्रमाणे जुळणीपट्ट्यावर मोटरहोम बनवण्यास प्रारंभ केला, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या निम्म्या किमतीत ते विकले. बाजूवर मोठा ‘डब्ल्यू’ रेखाटलेली ती बोजड गाडी दिसायला सुंदर नव्हती. परंतु वृद्ध जोडप्याच्या दृष्टीने तिचा गुण मोलाचा होता. भर पावसात उतरून ट्रेलर जोडणे-सोडणे नाही, उलटा घेताना तो आडवा होण्याची धास्ती नाही. चाकावरून उठावे, चार पावले चालावीत आणि शेगडीपाशी पोहोचावे. ज्याचे गुडघे धरले आहेत त्यालाही हा प्रवास शक्य झाला. १९७३ च्या तेलटंचाईने या धंद्याला जबर तडाखा दिला, कारखाने बंद पडले. तरी प्रथा मोडली नाही, कारण तोवर ती माणसांच्या वर्षचक्राचा भाग झाली होती.

हिवाळ्यात निघणाऱ्या अशा घराची तयारी जवळून पाहण्यासारखी असते. त्याचा खरा शत्रू गोठणारे पाणी. नळांत पाणी राहिले तर ते गोठून फुगते आणि नळ फोडते. म्हणून हिमवर्षावापूर्वीच सर्व टाक्या रिकाम्या करून नळांतून न गोठणारा गुलाबी द्रव खेळवतात, आणि प्रत्येक तोटी उघडून तिच्यातून गुलाबी धार येते की नाही हे पाहतात. जानेवारीत मिशिगनहून किंवा ओंटारिओहून निघालेले जोडपे हा द्रव तसाच नळांत ठेवून निघते. ओहायो, केंटकी, टेनेसी अशा वाटेवर घरात मोरी आहे पण पाणी सोडायचे नाही, अशी स्थिती असते; चहाला आणि भांड्यांना बुधल्यांतले पाणी, शौचकूपातही तो गुलाबी द्रवच ओतायचा, आणि रात्री वायूची शेगडी किती वेळ जळते यावर कान ठेवून निजायचे. नवऱ्याकडे बहुधा चाक आणि सांडपाण्याच्या टाक्या असतात, बायकोकडे नकाशा, शिधा आणि रोजनिशी. आज किती मैल झाले, पेट्रोल काय भावाने मिळाले, कोणत्या तळाला काय भाडे पडले, कोणाच्या शेजारी गाडी लागली, हे ती रोज टिपते. दक्षिण जॉर्जियात, जेथे रात्रीही पारा बहुधा गोठणबिंदूच्या वर राहतो, तेथे पहिल्यांदा नळ जोडला जातो. प्रथम गुलाबी पाणी येते, मग फेसाळ, मग स्वच्छ, आणि तेव्हाच प्रवासी दक्षिणेत पोहोचले असे समजतात.

सर्वांची वाट फ्लोरिडाला जात नाही. आयोवा-मिनेसोटाचे शेतकरी टेक्सासमधील रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात उतरतात, आणि पश्चिमेकडचे पुष्कळ जण ॲरिझोनाच्या वाळवंटात. तेथील क्वार्ट्झसाइट हे गाव या प्रथेचे सर्वांत विलक्षण क्षेत्र होय. उन्हाळ्यात अडीच-तीन हजारांची वस्ती; हिवाळ्यात मात्र १९६७ साली सुरू झालेल्या रत्ने-खनिजांच्या जत्रेच्या निमित्ताने गावाभोवतीच्या माळावर क्षितिजापर्यंत मोटरहोम उभी राहतात. जमीन केंद्र सरकारची. १९८३ साली सरकारी जमीन खात्याने दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे ठरवून दिली आणि १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांच्या मोसमाचा परवाना सुरू केला, ज्याचे शुल्क कितीतरी वर्षे अवघे १८० डॉलर होते. एवढ्या अल्प मोबदल्यात वृद्धांना सूर्यप्रकाश, मोकळी जमीन आणि शेजार मिळतो, यात मला सरकारी कारभाराचे मोठे शहाणपण दिसते. त्याच गावच्या स्मशानभूमीत पिरॅमिडच्या आकाराची एक समाधी आहे. १८५६ साली अमेरिकन सैन्याने वाळवंटात वाहतुकीसाठी उंट आणवले, त्यांच्याबरोबर ऑटोमन मुलखातून आलेला हाजी अली नावाचा उंटवाला १९०२ साली तेथे वारला; गावकऱ्यांच्या उच्चारात त्याचे नाव ‘हाय जॉली’ झाले, आणि समाधीच्या शिखरावर धातूचा उंट बसवलेला आहे. दूरच्या मुलखातून येऊन त्या माळावर विसावलेल्यांत तो या मोटरहोमवाल्यांचा पूर्वज आहे असे म्हणावेसे वाटते.

कॅनडातून येणाऱ्यांचा प्रवास तर अक्षरशः दिवस मोजून होतो. पाहुण्यांनी अमेरिकेत वर्षातून सुमारे सहा महिनेच राहावे, त्याहून अधिक राहिल्यास कराचा तगादा लागावा. इकडे ओंटारिओसारख्या प्रांताचा आरोग्यविमा टिकवायचा तर बारा महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त काळ प्रांताबाहेर राहता येत नाही. परदेशातील उपचारांच्या परतफेडीला प्रांतिक सरकारने कात्री लावली तेव्हा या वृद्धांनी १९९२ साली आपली देशव्यापी संस्था काढली, आणि अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने सरकारांशी झगडा मांडला. महासाथीच्या काळात मार्च २०२० पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत हौशी प्रवाशांना जमिनीवरची सरहद्द बंद होती. पण मालवाहतूक आणि विमाने चालू होती, तेव्हा कित्येक जोडप्यांनी आपले मोटरहोम मालवाहू चालकांच्या हाती सरहद्दीपार पाठवले आणि स्वतः विमानाने जाऊन ते ताब्यात घेतले. आपल्याकडे सातारा-पुण्याकडचा मेंढपाळ धनगर पावसाळ्यानंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरतो, त्याला पूर्वी ऋतू आणि गवत हीच दोन बंधने असत. या आधुनिक ऋतुप्रवाशाला दोन सरकारांची पंचांगे सांभाळावी लागतात.

आणि शेवटी तो प्रश्न येतोच, जो प्रत्येक जोडप्याला कधी तरी गाठतो. गाडी चालवणारा एक, वाट सांगणारा एक. त्यांपैकी एकाची नजर अधू झाली किंवा एक जण गेला, म्हणजे चाकांवरच्या घराचे काय होते? जो पीटरसन हा वीजतंत्री आणि त्याची पत्नी के ही परिचारिका. या दोघांनी १९७० पासून कायमचे ट्रेलरमध्ये राहून काम केले, के पीटरसनने त्या जीवनाविषयी लिहिले, आणि १९७८ साली दोघांनी ‘एस्केपीज’ नावाचा संघ स्थापन केला. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे त्यांनी सभासदांच्या टपालाची व्यवस्था केली, म्हणजे ज्यांना घर नाही त्यांना पत्ता दिला. आणि पुढे त्याच आवारात एक केंद्र उघडले, जेथे आजारी किंवा एकटा पडलेला प्रवासी आपले मोटरहोम न सोडता त्यातच राहतो आणि जेवण, शुश्रूषा, दवाखान्यात नेणे-आणणे हे सर्व त्याला दारात मिळते. या साऱ्या इतिहासात मला हे कार्य सर्वांत थोर वाटते. फ्लॅग्लरने हॉटेल बांधले आणि फिशरने नगर वसवले, परंतु प्रवास थांबल्यावर माणसाचे काय, याचा विचार एका वीजतंत्र्याने आणि एका परिचारिकेने केला.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेले अभियंते, डॉक्टर आणि प्राध्यापक, ज्यांच्या पिढीने १९८१ साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले, ते आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि थंडीत दक्षिणेकडे मुक्काम हलवणाऱ्यांत आता मराठी घरेही आहेत. टिन कॅन टूरिस्टांविषयी आपल्याला जे काही कळते त्यातील मोठा भाग सामान्य माणसांनी जपलेल्या छायाचित्रांतून आणि टाचणांतून आलेला आहे. म्हणून त्या जोडप्यांना, विशेषतः नकाशा आणि रोजनिशी सांभाळणाऱ्या आजींना, माझी विनंती आहे: पेट्रोलच्या भावाच्या, तळाच्या भाड्याच्या, शेजारी लागलेल्या गाडीतल्या माणसांच्या नोंदी असलेल्या त्या वह्या मराठीत लिहिलेल्या असोत की इंग्रजीत, रद्दीत जाऊ देऊ नयेत, त्यांवर साल घालावे, आणि आपल्या गावच्या मंडळाकडे किंवा एखाद्या ग्रंथालयाकडे त्या सुपूर्त कराव्यात.